कोपनहेगनमधील १९५२ ची पोलिओची साथ आणि अतिदक्षता विभागाचा उगम

वैद्यकीय संस्थांचा इतिहास लिहिताना यंत्रांना नायकत्व देण्याची प्रथा पडून गेली आहे. अतिदक्षता विभागाच्या बाबतीत ही प्रथा विशेषच बळावलेली दिसते. कृत्रिम श्वसनाचे यंत्र निघाले, ते ठेवण्यास स्वतंत्र दालन लागले, आणि त्या दालनातून पुढे हा विभाग उदयास आला, अशी त्याची जन्मकथा सामान्यतः सांगितली जाते. १९५२ साली कोपनहेगन येथे जे घडले त्याचा तपशील पाहिला असता हा क्रम टिकत नाही. तेथे यंत्रे जवळजवळ नव्हतीच. आणि जी थोडी होती ती निरुपयोगी ठरल्यामुळेच नवी व्यवस्था उभी करणे भाग पडले. शेकडो मरणासन्न रुग्ण काही आठवड्यांच्या अवधीत दाराशी आले असता रुग्णालयातील माणसे, जागा, ज्ञान आणि अधिकार यांची फेरमांडणी कशी करावी, हा तेथील खरा प्रश्न होता. अतिदक्षता विभाग हे त्या प्रश्नाचे उत्तर होय. यंत्र त्या उत्तरात मागाहून येऊन बसले.

अत्यवस्थ रुग्णांना एका ठिकाणी आणून त्यांच्यावर सतत नजर ठेवावी ही कल्पना अर्थातच १९५२ पूर्वीची आहे. बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी याने मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांसाठी १९२३ साली तीन खाटांचा खास कक्ष राखून ठेवला होता. परंतु ती सोय ठरावीक, अपेक्षित रुग्णांची होती. अनपेक्षित लोंढ्याशी तिचा संबंध नव्हता. त्या दृष्टीने बोस्टनचे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तेथील कोकोनट ग्रोव्ह या नृत्यगृहास आग लागून ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात त्या रात्री ११४ जणांना आणण्यात आले. त्यांपैकी जिवंत राहिलेल्या ३९ जणांसाठी रुग्णालयाने एक संपूर्ण मजला रिकामा केला, आणि भाजलेल्या जखमांवर एकच साधी मलमपट्टी सर्वांना लागू केली. पर्ल हार्बरनंतर युद्धकालीन आपत्तीची जी पूर्वतयारी करून ठेवली होती ती अशा रीतीने एका नागरी दुर्घटनेत उपयोगी पडली. बोस्टनच्या या प्रसंगात गोळा करणे, वेगळे ठेवणे आणि उपचार एकसारखे करणे ही तीन सूत्रे स्पष्ट दिसतात. तथापि काही आठवड्यांनी मजला पुन्हा नेहमीच्या कामास लागला, आणि व्यवस्था विरून गेली. आपत्तीतून स्थायी संस्था निर्माण होण्यास आणखी काही लागते. ते कोपनहेगनला घडून आले.

उत्तर युरोपातील स्वच्छ व संपन्न शहरांतच पोलिओचा कोप अधिक का व्हावा, हे त्या काळी अनेकांना कोडे वाटे. जेथे पाणी व सांडपाणी यांची व्यवस्था अपुरी असते तेथे बहुतेक बालकांना हा विषाणू तान्हेपणीच गाठतो. त्या वेळी आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात शिल्लक असल्याने पक्षाघात क्वचितच होतो. सुधारलेल्या शहरात ही भेट पुढे ढकलली जाते, आणि मग ती शाळकरी मुलांना किंवा तरुणांना अधिक घातक रूपात घडते. डेन्मार्क या नियमाला अपवाद नव्हता. १९५१ च्या सप्टेंबरात पोलिओवरील दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद कोपनहेगन येथेच भरली होती, आणि जगातील या विषयाचे जाणकार तेथे जमले होते. दहा महिन्यांनी त्याच शहरात जी साथ उसळली तिच्यासाठी यजमान सिद्ध नव्हते, ही गोष्ट विद्वत्परिषदांच्या मर्यादेवर भाष्य करणारी आहे.

शहरातील साथीच्या रोगांचे रुग्णालय म्हणजे ब्लेगदाम रुग्णालय. त्याचे प्रमुख वैद्य एच. सी. ए. लासेन हे संसर्गजन्य रोगांचे अनुभवी तज्ज्ञ होते. २४ जुलै ते ३ डिसेंबर १९५२ या काळात तेथे पोलिओचे २,७२२ रुग्ण दाखल झाले. साथीच्या ऐन भरात दिवसाला पन्नासपर्यंत. त्यांपैकी ३१६ जणांना गिळण्याचा वा श्वसनाचा पक्षाघात होऊन प्राणावर बेतले होते. या सर्वांसाठी रुग्णालयाजवळ टाकीच्या आकाराचे एक श्वसनयंत्र, म्हणजे ज्याला ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणत ते, आणि छातीवर बसवावयाची सहा कवचाकृती यंत्रे एवढीच सामग्री होती.

साधनांची टंचाई हा या प्रसंगाचा केवळ अर्धा भाग होय. असलेली साधनेही कुचकामी होती. लोखंडी फुप्फुसात रुग्णाचे धड बंदिस्त करून सभोवतालचा दाब कमी-अधिक केला जातो; त्यामुळे छाती फुलते आणि हवा आत ओढली जाते. श्वसनाचे स्नायू दुबळे पडले परंतु घसा शाबूत आहे, अशा रुग्णास याचा उपयोग होतो. कोपनहेगनच्या साथीत मेंदूच्या बुडाशी असलेल्या केंद्रांवर आघात झालेले रुग्ण फार होते. त्यांना गिळता येत नसे, खोकता येत नसे. घशात साचलेला स्राव यंत्राच्या प्रत्येक ओढीबरोबर फुप्फुसात जाई. पहिल्या काही आठवड्यांत श्वसनाचा पक्षाघात झालेल्या ३१ रुग्णांवर यंत्रांनी उपचार केले गेले. त्यांतील २७ दगावले, बहुतेक तीन दिवसांच्या आत. वैद्यांच्या दृष्टीने यात दुहेरी यातना होती. सात यंत्रे कोणाला द्यावयाची हे ठरवावे लागे. आणि ज्याला यंत्र मिळे तोही बहुधा वाचत नसे.

लासेन यांचे साहाय्यक मोगेन्स ब्यॉर्नेबो यांनी या अवस्थेत एक सूचना केली. बियॉर्न इब्सेन (१९१५–२००७) नावाच्या तरुण भूलतज्ज्ञाला बोलावून घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी धनुर्वात झालेल्या एका अर्भकाच्या उपचारात दोघांची गाठ पडली होती. या सूचनेतील धाडस आज चटकन ध्यानात येत नाही. भूलतज्ज्ञाचे क्षेत्र शस्त्रक्रियागृहाच्या उंबरठ्याशी संपे. डेन्मार्कमध्ये त्याची स्वतंत्र विद्या म्हणून प्रतिष्ठाही नुकतीच कोठे रुजत होती. इब्सेन १९४९–५० मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात शिकून आलेले होते. संसर्गजन्य रोगांच्या प्रमुख वैद्याने अशा माणसाचा सल्ला घ्यावा, हे तत्कालीन रुग्णालयीन श्रेणीव्यवस्थेला धरून नव्हते. लासेन यांनी तो घेतला, आणि २५ ऑगस्ट रोजी बैठक भरली. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पोल आस्त्रुप हेही तीत उपस्थित होते.

इब्सेन यांनी मृत रुग्णांची शवविच्छेदने पाहिली होती. त्यांची फुप्फुसे फुगण्यास असमर्थ झालेली नव्हती. मग रुग्ण मरत कशाने होते? मृत्यूपूर्वी त्यांना दरदरून घाम सुटे, रक्तदाब वाढे, आणि रक्तातील बायकार्बोनेटचे प्रमाण फार चढलेले आढळे. या शेवटच्या खुणेवरून रक्तात क्षाराचे आधिक्य झाले असावे, असा वैद्यांचा तर्क होता. आणि मेंदूवर विषाणूचा निर्णायक घाला पडला म्हणजे उपाय खुंटला, असे ते मानीत. इब्सेन यांनी तीच खूण उलट वाचली. पुरेसा उच्छ्वास न झाल्याने कार्बन डायऑक्साइड शरीरात साठत आहे, बायकार्बोनेट त्यामुळे वाढले आहे, रक्त प्रत्यक्षात अम्लधर्मी झाले आहे, आणि रुग्ण विषाणूने नव्हे तर अपुऱ्या श्वसनाने मरत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्राणवायू दिल्याने कातडी गुलाबी राहते व हा गुदमर झाकला जातो, हेही त्यांनी ओळखले. यावर उपाय म्हणजे भूल देताना रोज वापरले जाणारे तंत्र: श्वासनलिकेस छेद द्यावा, तीत फुगा असलेली रबरी नळी बसवावी म्हणजे घशातील स्राव खाली उतरणार नाही, आणि पिशवी हाताने दाबून फुप्फुसात हवा भरावी. लॉस एंजेलिस येथे बॉवर आणि बेनेट यांनी श्वासनलिकाछेद व दाबाने हवा भरणे यांची जोड देऊन १९४६ ते १९४९ या काळात तेथील मृत्यूचे प्रमाण ७९ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आणले होते. त्यांचे लेखन इब्सेन यांच्या वाचनात आलेले होते. नवे ज्ञान असे यात फारसे नव्हते. ते दोन वेगळ्या शाखांच्या कपाटांत पडून होते, एवढेच.

२७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग झाला. तिचे चारही अवयव लुळे पडले होते, ताप चढलेला होता, आणि ती स्वतःच्याच स्रावात गुदमरत होती. श्वासनलिकाछेदानंतर ती इतकी धडपडू लागली, आणि श्वासनलिका इतकी आवळल्या गेल्या, की पिशवीतील हवा आत जाईना. जमलेल्या वैद्यांपैकी काही जण आशा सोडून खोलीबाहेर पडले. इब्सेन यांनी पेन्टोथालची मात्रा देऊन तिची शुद्ध हरपविली. धडपड थांबली, छाती सैल झाली, आणि हवा आत जाऊ लागली. नंतर तिला पुन्हा कवचाकृती यंत्रावर घेऊन पाहिले तेव्हा कार्बन डायऑक्साइड चढला. हाताने हवा भरताच उतरला. दोन्ही पद्धती एकाच रुग्णावर, मोजमापासह, आळीपाळीने दाखविल्या गेल्यामुळे वादाला जागा उरली नाही. ती मुलगी वाचली.

येथपर्यंतची हकीकत वैद्यकाच्या इतिहासग्रंथांत वारंवार येते. परंतु एका मुलीस वाचविणे आणि एकाच वेळी सत्तर जणांस वाचविणे यांत केवळ संख्येचा फरक नाही. हाताने पिशवी दाबून श्वास द्यावयाचा म्हणजे दिवसरात्र, एक मिनिटही खंड न पडता, कोणीतरी रुग्णाच्या उशाशी बसले पाहिजे. साथीच्या भरात सत्तरपर्यंत रुग्ण एका वेळी अशा रीतीने श्वास घेत होते. सत्तर रुग्णांचे दिवसाचे चोवीस तास म्हणजे रोज १,६८० तासांचे मनुष्यबळ. सहा तासांची पाळी धरली तर केवळ पिशवी दाबण्यासाठी रोज २८० माणसे हवीत. कोणत्याही रुग्णालयाच्या पगारपत्रकावर इतके हात नसतात.

ते हात विद्यापीठातून आले. कोपनहेगनमधील वैद्यकाच्या, आणि पुढे दंतवैद्यकाच्याही, विद्यार्थ्यांना पाचारण करण्यात आले. थोड्या तासांच्या शिक्षणानंतर त्यांना खाटेजवळ बसविण्यात येई. सहा ते आठ तासांच्या पाळ्या लावल्या गेल्या. साथीच्या सबंध काळात सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी एकूण सुमारे १,६५,००० तास हे काम केले. दरडोई सरासरी ११० तास. पिशवी दाबणे वरकरणी हमाली वाटते, पण तसे ते नव्हते. छाती किती उचलली जाते, नळीत स्राव साचला काय, ओठांचा रंग कसा आहे, रुग्णाची नजर काय सांगते, हे सर्व त्या विद्यार्थ्याने पाहावयाचे असे. रुग्ण बहुधा शुद्धीवर असत. बोलता येत नसलेल्या मुलाला श्वास अधिक हवा की कमी, हे त्याच्या डोळ्यांवरून ओळखण्याची एक भाषाच या दोघांत तयार होई. आणि रात्रीच्या पाळीत रुग्ण हातांतल्या पिशवीवरच मृत्यू पावला तर ती बातमी सर्वांआधी त्या विद्यार्थ्यालाच कळे, किंवा कळतही नसे; कारण पिशवी दाबली जात असेतो छाती हलतच राही.

या हातांमागे चार स्तरांची रचना उभी करण्यात आली. ज्यांचा श्वास धोक्यात येण्याचा संभव आहे अशा रुग्णांवर आधीपासून लक्ष ठेवून त्यांना खास कक्षांत एकत्र आणले जाई. कान-नाक-घशाचे शल्यवैद्य श्वासनलिकाछेदासाठी दिवसरात्र उपलब्ध असत. भूलतज्ज्ञ खाटेखाटेवर फिरून विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करीत, आणि संसर्गजन्य रोगांच्या वैद्यांकडे सबंध रुग्णाची जबाबदारी राही. परिचारिकांचा भार तर मोजण्यापलीकडचा होता: कुशीस वळविणे, स्राव शोषून घेणे, नळीने अन्न घालणे, ही कामे यंत्र असते तरी टळली नसती. प्रत्येक खाटेस प्राणवायू व नायट्रोजन यांच्या मिश्रणाचा पुरवठा लागे, आणि तो वायू ओलसर करून द्यावा लागे. म्हणजे सिलिंडरांची ने-आण करणारा नोकरही या साखळीतील एक आवश्यक कडी होता. एखादी कडी तुटली असती तर वरच्या साऱ्या विद्येचा उपयोग झाला नसता.

आस्त्रुप यांच्या प्रयोगशाळेकडे स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे. श्वास पुरेसा दिला जातो की नाही हे बाहेरून पाहून खात्रीने सांगता येत नाही. धमनीतील रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब किती, हे थेट मोजण्याचे सुटसुटीत साधन त्या वेळी नव्हते. आस्त्रुप यांनी कोपनहेगनच्याच रेडिओमीटर कंपनीचा विद्युदग्र वापरून रक्ताची अम्लता मोजली, आणि बायकार्बोनेटशी तिचा मेळ घालून तो दाब गणिताने काढला. इब्सेन यांचे निदान त्यातून सिद्ध झाले. परंतु त्याहून दूरगामी गोष्ट अशी की, प्रयोगशाळा रुग्णाच्या उशाशी आली. सकाळी नमुना द्यावा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यावे, ही चाल येथे निरर्थक होती. पिशवी जोरात दाबावी की हलके, याचा निर्णय त्या आकड्यावर अवलंबून असे. आस्त्रुप यांनी १९५० नंतरच्या दशकात बसविलेली मापनपद्धती जगभर गेली, आणि रक्तवायूंचे मापन हे अतिदक्षतेचे अविभाज्य अंग बनले. ज्याला आज यंत्रप्रधान विभाग म्हणतात त्यातील मोजण्याचे यंत्र श्वास देणाऱ्या यंत्राच्या आधी स्थिरावले, ही नोंद कालक्रमाच्या दृष्टीने उपेक्षणीय नाही.

परिणामांविषयी बोलताना मात्र सावधगिरी हवी. प्रारंभीचे ८७ टक्के मृत्यूचे प्रमाण साथ ओसरेपर्यंत चाळीसच्या आसपास, आणि अखेरच्या काळात त्याच्याही खाली आले. हे सर्व श्रेय पिशवीला देण्याचा मोह अनेक लेखकांना आवरलेला नाही. प्रारंभीच्या ३१ जणांत अत्यंत गंभीर रुग्णांचाच भरणा होता, पुढे उपचार लवकर सुरू होऊ लागले, आणि परिचारिका व वैद्य यांचा हातही बसला. या कारणांना वेगळे काढणे आता शक्य नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. ऑगस्टच्या आरंभी सात यंत्रांपैकी एक मिळविण्यासाठी रुग्णांत निवड करावी लागत होती. सप्टेंबरात ती निवड संपली होती. जो येई त्याला श्वास मिळे. टंचाईच्या काळात कोणास वाचवावे हा प्रश्न नीतिशास्त्राचा म्हणून चर्चिला जातो. ब्लेगदामच्या वैद्यांनी तो पाळ्यांच्या तक्त्याने सोडविला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

साथीनंतर व्यवस्था विरून जाण्याचा बोस्टनचा अनुभव येथे पुन्हा आला नाही, याचे श्रेय बव्हंशी इब्सेन यांच्याकडे जाते. १९५३ च्या अखेरीस त्यांनी कोपनहेगनच्या नगररुग्णालयात एक निरीक्षण-कक्ष सुरू केला. पोलिओशी त्याचा संबंध नव्हता. शस्त्रक्रियेनंतरचे, विषबाधेचे, धनुर्वाताचे, आघाताचे असे सर्व प्रकारचे अत्यवस्थ रुग्ण तेथे येत. रोगाच्या नावावरून नव्हे तर जीवनक्रिया किती धोक्यात आहेत यावरून रुग्णाची जागा ठरे. जगातील पहिला अतिदक्षता विभाग म्हणून सामान्यतः याचाच निर्देश होतो. दरम्यान स्वीडनमध्ये कार्ल-गुन्नर एंगस्ट्रॉम यांचे दाबाने हवा भरणारे यंत्र प्रचारात आले, आणि १९५३ च्या स्टॉकहोममधील साथीत त्याचा उपयोग झाला. विद्यार्थ्याच्या हाताची जागा यंत्राने घेतली. हा पालट आवश्यकच होता. दीड हजार विद्यार्थ्यांना दरवर्षी अभ्यासातून उठविणे कोणत्याही विद्यापीठास परवडले नसते. परंतु हाताबरोबर त्या हाताची नजरही गेली, आणि ती भरून काढण्यासाठी प्रशिक्षित परिचारिकांचे जे प्रमाण प्रत्येक खाटेमागे लागते ते यंत्राच्या किमतीत कधीच धरले गेले नाही.

या विसराचा प्रत्यय २०२०–२१ मध्ये कोविडच्या साथीत आला, आणि महाराष्ट्रास तो जवळून आला. प्रारंभी सर्वत्र व्हेंटिलेटर किती आहेत याचीच गणती चालली. मुंबईतील अनुभव मात्र हळूहळू दुसऱ्याच दिशेस बोट दाखवू लागला. वांद्रे-कुर्ला संकुल, गोरेगावचे नेस्को अशा ठिकाणी मोठी तात्पुरती रुग्णालये उभारली गेली. पण रुग्णास खाट मिळणे हे खाट असण्याइतकेच अवघड होते. जून २०२० पासून महापालिकेने खाटांचे वाटप चोवीस विभागांतील नियंत्रण-कक्षांकडे सोपविले, तेव्हा रुग्णाने दारोदार फिरण्याऐवजी व्यवस्थेने त्याला जागा शोधून द्यावी हे तत्त्व अमलात आले. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या लाटेत टंचाई पडली ती मुख्यतः प्राणवायूची. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागून दाब उतरला, आणि बावीस रुग्ण दगावले. व्हेंटिलेटर तेथेही होते. ब्लेगदाममधील सिलिंडर वाहणाऱ्या नोकराचे स्थान अशा वेळी लक्षात येते.

कोपनहेगनच्या बाबतीत श्रेयाचा इतिहासही थोडा पाहण्यासारखा आहे. साथीचा पहिला वृत्तांत ३ जानेवारी १९५३ च्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, लेखक म्हणून त्यावर एकट्या लासेन यांचे नाव आहे. भूलतज्ज्ञाची बाजू इब्सेन यांनी १९५४ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या कार्यवृत्तात स्वतंत्रपणे मांडली. दोघांतील अग्रहक्काविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले. त्यात लासेन यांच्या पदरी काहीसे कमी माप पडले आहे. कारण उपाय सुचविणारा भूलतज्ज्ञ असला तरी आपल्या कक्षांचे दरवाजे परक्या शाखेस उघडून देण्याचा, आणि एका यशस्वी प्रयोगावर सबंध रुग्णालय फिरविण्याचा अधिकार त्यांचा होता, व तो त्यांनी दोन दिवसांत वापरला. विद्यार्थ्यांविषयी असा वाद उद्भवला नाही. त्यांची नावे या लेखनात नाहीत. तासांची बेरीज आहे.